कुणाकडून ऐकलंस?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावच्या शाळेत १५ ऑगस्टला मला चार शब्द बोलायला सांगितले होते. मी तयारी करून गेलो होतो. भाषणाच्या शेवटी, मायभूमीवर प्रेम करणे हा इमानाचाच एक भाग आहे, या अर्थाचे अरबी वचन मी मोठ्या आवाजात म्हटले आणि "असे आपल्या पैगंबरांनी सांगितले आहे" असे ठणकावून सांगितले. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर गावातले एक वयस्कर हाफिजसाहेब माझ्याजवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "बेटा, बात तो अच्छी है. मगर ये हदीस कौनसी किताब में है?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी ते वचन एका बॅनरवर वाचले होते. बॅनरवाल्याने ते आणखी कुठेतरी वाचले असणार. घरी आल्यावर शोध सुरू केला आणि आठवड्याभरात उत्तर मिळाले. लाहोरला जन्मलेले आणि १२५२ साली बगदादला वारलेले मोठे विद्वान इमाम सगानी यांनी बनावट हदिसींची एक यादी केली होती. माझे लाडके वचन त्या यादीत होते. म्हणजे जे वाक्य पैगंबरांचे नाही असे आपल्याच उपखंडातला एक विद्वान पावणेआठशे वर्षांपूर्वी सांगून गेला, ते मी माईकवरून त्यांच्या नावाने सांगितले होते.

त्या दिवशी लाज वाटलीच, पण कुतूहलही जागे झाले. मायभूमीवर प्रेम करावे, यात वावगे काय? वाक्य चांगले, अर्थ चांगला, हेतू चांगला. मग त्या जुन्या लोकांनी ते बाजूला का काढले? या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचले, ते आज मांडतो. मुस्लिम वाचकांना यातले काही माहीत असेल. इतरांनाही ते वाचताना आपल्या ओळखीचे काहीतरी सापडेल, असे वाटते.

वाक्याचा फेरफार

हदीस म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वचन, कृती किंवा मूकसंमती यांविषयीची नोंद. कुरआन वेगळा आणि हदीस वेगळी. प्रत्येक हदिसीचे दोन भाग असतात. एक 'मत्न', म्हणजे मूळ मजकूर. दुसरा 'सनद' किंवा 'इस्नाद', म्हणजे तो मजकूर कोणी कोणाकडून ऐकला त्या माणसांची साखळी. साखळीतला प्रत्येक माणूस म्हणजे 'रावी'.

आपल्याकडे शेताचा व्यवहार करायचा तर नुसता सातबारा बघून कोणी पैसे मोजत नाही. जाणता माणूस जुने फेरफार काढतो. जमीन आजोबांकडून बापाकडे कशी आली, बापाकडून या विकणाऱ्याकडे कशी आली, मधली एखादी नोंद गहाळ आहे का, सही करणारा त्या तारखेला जिवंत होता का, हे सगळे बघतो. सनद म्हणजे वाक्याचा फेरफार. वाक्य कितीही सुपीक असले तरी फेरफार तुटका असेल तर व्यवहार होत नाही.

इमाम बुखारींच्या संग्रहातली पहिलीच हदीस घ्या. कर्मांचे मोल हेतूवर ठरते, या आशयाची ती प्रसिद्ध हदीस. बुखारी म्हणतात, मला हे हुमैदींनी सांगितले, त्यांना सुफियान यांनी, त्यांना याह्या बिन सईद अन्सारी यांनी, त्यांना मुहम्मद बिन इब्राहीम तैमी यांनी, त्यांना अल्कमा बिन वक्कास यांनी, आणि अल्कमांनी ते हजरत उमर (रजि.) यांच्या तोंडून मिंबरावरून ऐकले. दोन शतकांचे अंतर आणि मध्ये सहा माणसे. या सहांपैकी प्रत्येकाचे गाव, गुरू, शिष्य, स्मरणशक्ती आणि मृत्यूचे साल यांची नोंद वेगळ्या ग्रंथांत आहे. आणखी एक गोष्ट जुन्या अभ्यासकांनीच नोंदवून ठेवली आहे. या हदिसीच्या सुरुवातीच्या टप्प्यांवर प्रत्येक ठिकाणी एकच माणूस आहे. ती असंख्य लोकांपर्यंत पसरली ती याह्या बिन सईद यांच्यानंतर. इतक्या मान्यवर हदिसीची ही बाजूही त्यांनी लपवली नाही.

साक्षीदार आणा

ही सवय नंतरच्या पंडितांनी शोधून काढली, असे नाही. तिची मुळे पैगंबरांच्या सोबत्यांमध्ये, म्हणजे सहाबांमध्येच दिसतात.

इसवी सन ६३२ मध्ये पैगंबर गेले. हजरत अबू बकर (रजि.) खलीफा असताना एक म्हातारी त्यांच्याकडे आली आणि मेलेल्या नातवाच्या मालमत्तेत माझा वाटा किती, असे तिने विचारले. कुरआनात आजीच्या वाट्याचा उल्लेख त्यांना सापडत नव्हता. मुगीरा बिन शोबा यांनी सांगितले की पैगंबरांनी आजीला सहावा हिस्सा दिल्याचे मी स्वतः पाहिले आहे. मुगीरा स्वतः सहाबी होते, तरी अबू बकर यांनी विचारले, तुमच्याबरोबर आणखी कोणी होते का? मुहम्मद बिन मस्लमा यांनी उठून साक्ष दिली, तेव्हा कुठे म्हातारीला वाटा मिळाला.

हजरत उमर यांचेही तसेच. अबू मूसा अश्अरी त्यांच्या दारावर आले, तीनदा परवानगी मागितली, उत्तर आले नाही म्हणून परत फिरले. उमरनी बोलावून कारण विचारले. तीनदा विचारूनही परवानगी मिळाली नाही तर परतावे, असे पैगंबरांनी सांगितल्याचे अबू मूसांनी सांगितले. उमर म्हणाले, साक्षीदार आणा. बिचारे अबू मूसा अन्सारींच्या बैठकीत घाबरेघुबरे होऊन गेले आणि तिथून तरुण अबू सईद खुदरी साक्ष द्यायला आले. एका साध्या शिष्टाचारासाठी एवढी उलटतपासणी! आपल्याला ते अति वाटेल. पण खलीफाच एवढा कडक आहे म्हटल्यावर बाकीचे तोंड उघडण्याआधी दहा वेळा विचार करणार, हे उघड आहे.

हजरत आयेशा (रजि.) यांची पद्धत आणखी वेगळी होती. त्या मजकूरही तपासत. घरचे लोक रडले की मयताला शिक्षा होते, अशी हदीस त्यांच्या कानावर आली. त्यांनी ती तशी मान्य केली नाही. एकाच्या पापाचे ओझे दुसऱ्यावर टाकले जात नाही, या कुरआनच्या तत्त्वाकडे त्यांनी बोट दाखवले आणि सांगणाऱ्याच्या ऐकण्यात चूक झाली आहे, असे म्हटले. सांगणारा खोटारडा आहे असे त्या म्हणाल्या नाहीत. भला माणूसही चुकीचे ऐकू शकतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सहाबांच्या कथनांत त्यांनी केलेल्या अशा दुरुस्त्यांचा सुमारे सातशे वर्षांनंतर इमाम झरकशींनी स्वतंत्र ग्रंथच केला.

आणि एका हदिसीसाठी केलेले प्रवास! जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांना कळले की सीरियात अब्दुल्लाह बिन उनैस यांच्याकडे पैगंबरांचे एक वचन आहे, जे आपण थेट ऐकलेले नाही. त्यांनी उंट विकत घेतला, महिनाभर प्रवास केला, दारात उभे राहून ते एक वचन ऐकले. दुसऱ्याच्या तोंडून ते त्यांना आधीच कळले होते. तरीही मधला माणूस वगळून मूळ माणसाच्या तोंडून ऐकायचे होते. आज आपल्याला एक बोट हलवायचे जड जाते.

लिहून ठेवण्याचे कामही लवकर सुरू झाले होते. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांची स्वतःची वही होती. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे शिष्य हम्माम बिन मुनब्बिह यांचा सुमारे १३८ हदिसींचा संग्रह तर आज आपल्या हातात आहे. त्याची जुनी हस्तलिखिते बर्लिन आणि दमास्कसला होती. ती जुळवून छापणारे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह आपल्या दख्खनचे, हैदराबादचे. नंतरच्या इमाम अहमद यांच्या संग्रहात याच हदिसी येतात. दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात आणि त्या बहुतांशी जुळतात.

भल्या माणसांचे खोटे

मग बिघडले कुठे? बसऱ्याचे इब्न सीरीन (मृत्यू हिजरी ११०) यांच्या म्हणण्याचा सारांश असा : आधी लोक सनद विचारत नसत. यादवी माजली तेव्हा म्हणू लागले, तुमची माणसे कोण ती नावे सांगा. हजरत उस्मान (रजि.) यांच्या हत्येनंतर मुसलमान मुसलमानांशी लढले. प्रत्येक गटाला आपल्या बाजूने पैगंबरांचा शब्द हवा होता. जो शब्द सापडत नाही तो तयार होतो.

सत्तेच्या खुशामतीसाठीही हदिसी तयार झाल्या. अब्बासी खलीफा अल-महदीला कबुतरांचा शौक होता. उंट, घोडे आणि नेमबाजी यांखेरीज कशावरही पैज लावू नये, अशी एक हदीस आहे. गियास बिन इब्राहीम नावाचा माणूस दरबारात आला आणि त्याने त्या यादीत हळूच 'पंख' हा शब्द घुसडला. खलीफाने त्याला दहा हजार दिरहम दिले. तो पाठमोरा झाल्यावर खलीफा म्हणाला, ही मान खोटारड्याची आहे. मग आपल्यामुळे पैगंबरांच्या नावावर खोटे बोलले गेले, म्हणून त्याने कबुतरे मारून टाकायला लावली. बिचाऱ्या कबुतरांचा काय दोष? पण खोट्याचा दंड बहुतेक वेळा तिसऱ्यालाच भरावा लागतो.

खुशामतखोर ओळखता येतो. खरी अडचण भल्या माणसांची होती. नूह बिन अबी मरयम याने कुरआनच्या एकेका सूरहचे पुण्य सांगणाऱ्या हदिसी रचल्या. कारण विचारल्यावर त्याने सांगितले की लोक कुरआन सोडून अबू हनीफांच्या कायद्यात आणि इब्न इस्हाकच्या युद्धकथांत रमले होते, म्हणून मी हे सवाबासाठी केले. याह्या बिन सईद कत्तान यांच्यासारखा कठोर परीक्षक खंतावून म्हणत असे की सज्जन लोक हदिसीच्या बाबतीत जितके चुकतात तितके दुसरे कशात चुकत नाहीत. इमाम मुस्लिम यांनी त्याचा खुलासा केला. हे लोक मुद्दाम खोटे बोलत नाहीत, खोटे त्यांच्या जिभेवरून आपोआप वाहते. चांगले वाटले की खरे मानायचे आणि पुढे सांगायचे, एवढाच त्यांचा गुन्हा.

इथे मला माझे १५ ऑगस्टचे भाषण आठवले. वाक्य चांगले होते, म्हणून मी ते तपासलेच नव्हते.

पैगंबरांनी आपल्या नावावर जाणूनबुजून खोटे रचणाऱ्याला आगीचा इशारा दिला आहे. ही हदीस इतक्या वेगवेगळ्या मार्गांनी आली आहे की तिच्याबद्दल कोणी शंका घेत नाही. त्या इशाऱ्यात 'चांगल्या हेतूने रचले तर माफ' अशी सवलत नाही. विद्वानांनी चांगल्या वाक्यांनाही नकार दिला तो याच भीतीपोटी. मायभूमीवर प्रेम करा, जरूर करा. पण ते आपल्या नावाने सांगा. वारकरी मित्रांना हे लगेच कळेल. शेवटी 'तुका म्हणे' जोडले की कुठलाही अभंग तुकोबांचा होत नाही, मग तो कितीही गोड असो.

सराफाची नजर

तपासायचे कसे? जुन्या हदीसतज्ज्ञांनी स्वतःला सराफाची उपमा दिली आहे. खामगावच्या चांदीबाजारात एखादा जुना सराफ दागिना हातात घेताच काय ते ओळखतो, पण त्या एका क्षणामागे चाळीस वर्षे असतात. तसेच हे. तरी त्यांची काही साधने आपल्यालाही समजण्यासारखी आहेत.

पहिले साधन तारखा. सुफियान सौरींच्या म्हणण्याचा आशय असा, की रावी खोटे बोलू लागले तेव्हा आम्ही इतिहास वापरला. होम्स शहरात उमर बिन मूसा नावाचा रावी खालिद बिन मादान यांच्या नावाने हदिसी सांगू लागला. अफीर बिन मादान यांनी विचारले, तुम्ही त्यांना कोणत्या साली भेटलात? उत्तर आले, १०८ साली. कुठे? आर्मेनियाच्या मोहिमेत. अफीर म्हणाले, देवाला भिऊन वागा. खालिद १०४ साली वारले, तुम्ही त्यांना मेल्यानंतर चार वर्षांनी भेटलात. आणि ते आर्मेनियाच्या मोहिमेवर कधी गेलेच नाहीत, ते रोमनांशी लढत.

अकराव्या शतकात बगदादमध्ये तर एक आख्खा दस्तऐवजच असा उघडा पडला. काही लोकांनी वजिरापुढे एक पत्र ठेवले. पैगंबरांनी खैबरच्या ज्यूंना जिझिया माफ केला, असे त्यात होते आणि खाली सहाबांच्या साक्षी होत्या. वजिराने ते खतीब बगदादी (मृत्यू १०७१) यांना दाखवले. त्यांनी पाहून सांगितले, हे बनावट आहे. खैबर जिंकले हिजरी ७ मध्ये. साक्षीदारांत मुआविया आहेत, ते मुसलमान झाले मक्का जिंकल्यावर, हिजरी ८ मध्ये. दुसरे साक्षीदार साद बिन मुआज, ते वारले हिजरी ५ मध्ये. आपले इतिहासाचार्य राजवाडे बखरींवर कागदपत्रांनी जो मारा करत, त्याची आठवण व्हावी असे हे काम, पण राजवाड्यांच्या आठशे वर्षे आधीचे.

दुसरे साधन स्मरणशक्तीची पारख. माणूस प्रामाणिक असला म्हणजे पुरे नाही. इजिप्तचे इब्न लहीआ यांची पुस्तके जळाली. त्यानंतर ते स्मरणावर सांगू लागले आणि चुकू लागले. म्हणून विद्वानांनी त्यांच्या आयुष्याचे दोन भाग पाडले. त्यांच्याकडून आधी ऐकणाऱ्यांचे एक मोल, नंतर ऐकणाऱ्यांचे दुसरे. सीरियाचे इस्माईल बिन अय्याश आपल्या भागातल्या गुरूंच्या हदिसी चोख सांगत, हिजाझवाल्यांच्या सांगताना गोंधळत. म्हणून त्यांचे सीरियाचे कथन चालते, हिजाझचे चालत नाही. एकाच माणसाविषयी इतका बारीक निवाडा!

तिसरे साधन म्हणजे नाते-गोते बाजूला ठेवणे. अली बिन मदीनी (मृत्यू ८४९) हे इमाम बुखारींचे गुरू. त्यांचे वडीलही हदिसी सांगत. लोकांनी विचारले, तुमचे वडील रावी म्हणून कसे? ते म्हणाले, दुसऱ्या कोणाला विचारा. लोकांनी पुन्हा विचारले. त्यांनी मान खाली घातली, मग वर पाहून म्हणाले, हा धर्माचा प्रश्न आहे, माझे वडील जईफ आहेत. 'जईफ' म्हणजे कच्चे, भरवशाचे नाहीत. भर बैठकीत बापाविषयी हे सांगायला काय लागले असेल, याचा विचार करतो तेव्हा अंगावर काटा येतो.

रावींच्या अशा पारखीला 'जरह व तादील' म्हणतात आणि त्यांच्या चरित्रांच्या शास्त्राला 'अस्मा-उर-रिजाल'. 'रिजाल' म्हणजे पुरुष, पण त्यात स्त्रियाही आहेत. मक्केत बुखारींचा ग्रंथ शिकवणाऱ्या करीमा मर्वजिया यांच्याकडे दूरदूरचे विद्वान शिकायला बसत. इमाम जहबींनी तर नोंदवले आहे की हदीस रचल्याचा आरोप झालेली एकही स्त्री आपल्याला ठाऊक नाही. बुखारींच्या एकट्या 'तारीखे कबीर'मध्ये बारा हजारांहून अधिक रावींची नोंद आहे. हा ग्रंथ आणि इब्न अबी हातिम यांचा 'जरह व तादील', दोन्ही विसाव्या शतकात छापले गेले ते हैदराबादच्या दायरतुल मआरिफमध्ये. जगभरचे अभ्यासक ज्या छापील प्रतींवर विसंबले, त्या आपल्या दख्खनमधून गेल्या.

सहा लाखांचा हिशेब

इमाम बुखारींनी (८१०–८७०) सहा लाख हदिसींमधून आपला संग्रह निवडला, असे आपण वाझमध्ये ऐकतो. इतर मित्र विचारतात, एका माणसाची सहा लाख वचने कशी? इथे समजून घ्यायला हवे की मोजणी सनदींची होती. एकच वाक्य शंभर साखळ्यांनी आले तर त्या शंभर हदिसी धरल्या जात. सोळा वर्षे काम करून त्यांनी जो संग्रह केला त्यात पुनरावृत्ती धरून सात हजारांवर आणि वगळून सुमारे २,६०० हदिसी आहेत. जे घेतले नाही ते सगळे खोटे, असेही ते म्हणाले नाहीत. त्यांची अट अशी की शिष्य गुरूला प्रत्यक्ष भेटल्याचा पुरावा हवा. त्यांचे शिष्य इमाम मुस्लिम (मृत्यू ८७५) म्हणत, दोघे एका काळातले असणे आणि भेट शक्य असणे पुरेसे आहे. गुरू-शिष्यांत मतभेद झाला आणि दोन्ही ग्रंथ टिकले.

बुखारींची एक कथा फार लोकप्रिय आहे. ते बगदादला आले तेव्हा दहा माणसांनी मिळून शंभर हदिसींच्या सनदी मुद्दाम उलटसुलट करून त्यांना ऐकवल्या. प्रत्येकीवर ते म्हणाले, मला ठाऊक नाही. सगळे संपल्यावर त्यांनी शंभरही सनदी आपापल्या मजकुराला ओळीने जोडून दाखवल्या. सुंदर कथा! पण ती नोंदवणारे इब्न अदी म्हणतात की मी हे 'अनेक शेखांकडून' ऐकले, आणि त्या शेखांची नावे देत नाहीत. म्हणून बुखारींचीच कसोटी बुखारींच्या कथेला लावून नंतरच्या लोकांनी तिच्याविषयी चर्चा केली. मला हे कथेहूनही आवडते.

हे शास्त्र चुकांपासून मुक्त होते, असे मी म्हणणार नाही, आणि ते करणारेही तसे म्हणत नव्हते. इमाम दारकुत्नींनी (मृत्यू ९९५) बुखारी आणि मुस्लिम यांच्याच संग्रहांतल्या सुमारे दोनशे हदिसींवर तांत्रिक आक्षेप घेतले. शिया परंपरेने आपले वेगळे संग्रह आणि वेगळी कसोटी ठेवली. आधुनिक काळात गोल्डझिहर आणि शाख्त या युरोपीय अभ्यासकांनी सनदींवरच मोठी शंका घेतली. त्यांना उत्तर देणाऱ्यांत उत्तर प्रदेशातल्या मऊचे मुस्तफा आजमी होते, ज्यांनी केंब्रिजमध्ये यावर प्रबंध लिहिला. वाद चालू आहे आणि चालू राहावा. वाद घालता येतो तो नावे, गावे आणि साले लिहून ठेवली म्हणूनच.

घाटाखालचे रोहिणखेड

हे सगळे मदिना, बसरा, बगदादचे झाले. आपल्या बुलढाण्याचा याच्याशी काय संबंध?

मोताळा तालुक्यात घाटाखाली रोहिणखेड आहे. तिथली देखणी दगडी मशीद १५८२ साली खुदावंदखान महदवी याने बांधली. 'महदवी' हे त्याच्या पंथाचे नाव. जौनपूरचे सय्यद मुहम्मद (१४४३–१५०५) यांनी आपण हदिसींत सांगितलेले इमाम महदी असल्याचे जाहीर केले. ज्यांनी ते मान्य केले ते महदवी. साधेपणा, विरक्ती आणि समतेमुळे गुजरात-दख्खनमध्ये त्यांच्याकडे खूप लोक ओढले गेले. आजही हा समाज आहे. त्यांच्या श्रद्धेचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. मला दिसतो तो प्रश्न असा : शेवटच्या काळात महदी येईल, याविषयीच्या हदिसींत नेमके काय आहे, त्या किती पक्क्या आहेत आणि त्यांतल्या खुणा कोणाला लागू पडतात? यावर त्या काळी घरे दुभंगली. इब्न खल्दूनने दीड-दोन शतके आधीच या हदिसींच्या सनदी एकेक करून तपासल्या होत्या आणि बहुतेकींत दोष दाखवले होते. इतरांनी त्यातल्या काही ग्राह्य मानल्या.

या वादात उतरलेले एक मोठे नाव आपल्या शेजारचे आहे. मलकापूरहून उत्तरेला पूर्णा ओलांडून गेले की तापीकाठी बऱ्हाणपूर. सकाळी निघालो तर संध्याकाळी घरी. तिथे १४८० च्या आसपास शेख अली मुत्तकी जन्मले. मुलतान, गुजरात करत ते मक्केत स्थायिक झाले आणि १५६७ मध्ये तिथेच वारले. त्यांनी महदीविषयीच्या हदिसी एकत्र करून ग्रंथ लिहिला आणि त्यांतल्या खुणा जौनपूरच्या सय्यदांना जुळत नाहीत, असे मांडले. त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे 'कन्जुल उम्माल'. इमाम सुयूतींचा अफाट संग्रह त्यांनी विषयवार लावला. आजच्या छापील प्रतीत ४६,६२४ नोंदी आहेत. त्यात पक्क्या हदिसी आहेत तशा कच्च्याही आहेत. सनदी गाळल्या असल्या तरी प्रत्येक नोंदीबरोबर मूळ ग्रंथाचे संक्षिप्त चिन्ह आहे, म्हणजे वाचकाने तिथे जाऊन तपासावे. आज कोणी नुसते "कन्जुल उम्माल में है" म्हणून ठोकून देतो, तेव्हा तो ते चिन्ह वाचत नाही. किताबात असणे ही तपासाची सुरुवात असते, शेवट नव्हे.

त्यांचे शिष्य गुजरातच्या पाटणचे मुहम्मद ताहिर. त्यांनी बनावट हदिसींवरच 'तज्किरतुल मौजूआत' हा ग्रंथ लिहिला. महदवींच्या विरोधात ते हिरिरीने उतरले आणि १५७८ मध्ये उज्जैनच्या वाटेवर त्यांची हत्या झाली. मुत्तकींचे दुसरे शिष्य अब्दुल वह्हाब मुत्तकी. त्यांच्याकडे मक्केत शिकून अब्दुल हक मुहद्दिस देहलवी परतले आणि त्यांनी दिल्लीत हदीस-अभ्यास रुजवला. बऱ्हाणपूर ते मक्का ते दिल्ली, ही सुद्धा एक सनदच आहे.

पण वाद किताबांत राहिला नाही. १५८९ मध्ये अहमदनगरच्या गादीवर इस्माईल हा मुलगा बसवून जमालखान महदवी कारभारी झाला. इस्माईलचा बाप बुऱ्हाण निजामशाह गादी मागायला निघाला, त्याच्या मदतीला बऱ्हाणपूरचा राजा अलीखान फारुकी आला. १५९०–९१ च्या सुमारास रोहिणखेडला गाठ पडली. जमालखान मारला गेला, मुलगा पकडला गेला, दख्खनमधली महदवी सत्ता संपली. लढाई गादीची होती, हे खरे. पण दोन्ही बाजूंच्या सैनिकांत एक रेघ ओढली गेली होती ती काही वचनांच्या अर्थावरून.

त्या मशिदीसमोर उभे राहिले की मला वाटते, 'कुणाकडून ऐकलंस' हा प्रश्न विचारणाऱ्यांकडे दौत-लेखणी होती. ज्यांना विचारायची गरज वाटली नाही त्यांच्याकडे तलवारी होत्या. आणि खेद असा की कधीकधी ती दोन्ही एकाच बाजूला उभी होती. अली मुत्तकींची बाजू विद्वत्तेची होती, पण तिचा उपयोग राजांनी आपल्या सोयीने केला. सनद तपासल्याने माणूस आपोआप उदार होत नाही. तिने एवढेच होते की माणसाला थांबावे लागते.

थांबावे लागते

दरवर्षी रमजान जवळ आला की मोबाईलवर एक मेसेज फिरतो. जो या महिन्याची खबर सर्वांत आधी देईल त्याच्यावर जहन्नमची आग हराम, अशी 'हदीस'. आलिमांनी कितीदा सांगितले की याला काही आधार नाही. तरी तो येतोच. पाठवणारी माणसे वाईट नसतात. माझी मावशी पाठवते, शेजारचा सलूनवाला पाठवतो. सवाबासाठी पाठवतात. नूह बिन अबी मरयमनेही सवाबासाठीच केले होते.

आणि हदिसींपुरते हे राहत नाही. गावात काहीतरी घडल्याची बातमी, कुठल्यातरी जुन्या भांडणाचा व्हिडिओ, कुणा समाजाच्या नावावर खपवलेले वाक्य, सगळे याच वाटेने येते. वऱ्हाडातल्या गावांत अशा एका मेसेजने काय होऊ शकते ते आपण सगळे जाणतो. ऐकलेले सगळे सांगत सुटणे हेच माणसाला खोटारडा ठरवायला पुरेसे आहे, अशा अर्थाची हदीस इमाम मुस्लिम यांनी आपल्या प्रस्तावनेत दिली आहे. अविश्वासू माणसाने खबर आणली तर आधी तपासून घ्या, हा तर कुरआनचाच आदेश आहे. ज्या समाजाने ही पद्धत जगाला दाखवली, त्याच समाजाने आज बोटाखालची प्रत्येक गोष्ट न वाचता पुढे ढकलावी, याचे वाईट वाटते.

पुढच्या १५ ऑगस्टला मी त्याच शाळेत पुन्हा बोललो. म्हणालो, गेल्या वर्षी मी एक वाक्य पैगंबरांच्या नावाने सांगितले होते. ते त्यांचे असल्याचे सिद्ध नाही, ते मी मागे घेतो. या देशावर माझे प्रेम आहे, हे मात्र मी माझ्या नावाने सांगतो. त्याचा रावी मी स्वतः आहे.

या वेळी टाळ्या थोड्या कमी पडल्या. हाफिजसाहेब मागच्या खुर्चीवर बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते काही बोलले नाहीत. फक्त चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.